मागचं चाक

"दर बारीला मागचंच चाक का, दस्तगीरभाई?" वीरभद्रनं विचारलं. "पुढच्याला अजून एकदाबी खिळा लागला न्हाई."

दस्तगीरनं बुलेटचं चाक हातानं फिरवून बघितलं. औशात, सोलापूर रस्त्याला त्याचं टायरचं दुकान. भिंतीला टायर टांगलेले, वरच्या फळीवर खोक्यांची रांग.

"पुढचं चाक पडलेला खिळा उभा करतंय, मागचं त्याच्यावर बसतंय," तो म्हणाला. "असंच ऱ्हातंय ते."

"खिळा काय आपल्या पायानं येतोय व्हय रस्त्यावर?" बाकड्यावरून त्याची आई सिद्धम्मा कडाडली. "तुम्ही पंक्चरवालेच पेरता. पेरायचं तुम्ही, काढायचं तुम्ही."

"अव्वा, गप की."

"का गप? खोटं बोलून राहिले का मी?"

दस्तगीर हसला नाही, चिडलाही नाही. पकडीनं खिळा उपसला आणि गल्ल्याखालच्या डब्यात टाकला. दुसरे पंक्चरवाले खिळा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं नाचवतात. त्याला ती सवय नव्हती.

वीरभद्र नांदेडला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचा. वर्षभर दुसऱ्यांची पोरं डॉक्टर करायची आणि परीक्षा उरकली की सामान बांधून बुलेटवर सुटायचं. कधी गोकर्ण, कधी हंपी. यंदा कन्याकुमारी. वाटेत आई लागते म्हणून पुनर्वसनातल्या घरापुढं गाडी उभी करायची, कपभर चहा प्यायचा, पायावर डोकं ठेवायचं की निघाला. पण अलीकडं निघायला बघावं तर मागचं चाक बसलेलं. मग टेंपो शोधा, गाडी चढवा, औशाला या. त्यात दिवस कलायचा आणि तो मुक्कामाला राहायचा. त्या रात्री सिद्धम्मा भाकरी थापता थापता रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

राहा म्हणायची तिला सवय नव्हती. भूकंपात नवरा आणि दोन लेकी गेल्या, तेव्हा धान्यवाटपाच्या रांगेतही ती उभी राहिली नव्हती. जुन्या गावच्या ढिगातून तिनं फक्त घराचं दार उपसून आणलं. सागवानी, लोहारानं घडवलेल्या खिळ्यांचं. आता त्याचीही एक फळी लोंबायला लागली होती.

आज टेंपोत तीही चढून बसली होती.

जुन्या टायरची पार चाळण झाली होती. दस्तगीरनं तीन नवे टायर पुढ्यात आडवे टाकले. "हा खोल खाचांचा. चिखलात चांगला, डांबरावर घूं घूं करतंय. हा कडक रबराचा, लई चालंल, पर ओल्यात सरकंल. हा मऊ. घाटात पाऊस लागला तर रस्ता धरून ठेवंल, झिजंल मात्र लवकर."

"हा घे," सिद्धम्मानं पायानंच पहिला दाखवला. "ह्याची नक्षी भरीव हाय."

"अव्वा, टायर घ्यायला आलोय. लुगडं न्हाई."

"लुगडं घ्यायला आला असतास तर दचकून मेले असते मी."

दस्तगीरनं तोंड फिरवून हसू गिळलं. वीरभद्रनं मऊ टायर अंगठ्यानं दाबून बघितला. "हाच द्या, पण ट्यूबलेस. ट्यूबचा ताप आता नको. खिळा घुसला तरी हवा एकदम जात न्हाई. रस्त्यातच भोकात रबराची काडी भरली की निघालो."

"तारांच्या रिमवर ट्यूबलेस चालत न्हाई. रिम बदलावी लागंल, अलॉय."

"बदला. दोन्ही चाकं बदला."

"तारांच्या चाकाला काय धाड भरली?" सिद्धम्मा एकदम बोलली. "तुझ्या बापाच्या सायकलीला ताराच होत्या. एकदा तरी पडला का त्यो?"

"पडायचा प्रश्न न्हाई, अव्वा. थांबायचा हाय. दर बारीला माझा एक दिवस जातोय."

"म्हंजे आता कुठं थांबायलाच नको."

"हाव. कुठंच थांबायचं काम न्हाई."

सिद्धम्मानं पदर डोक्यावर नीट घेतला. बाहेरून ट्रक गेला. तो पार दिसेनासा होईस्तोवर ती त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बसव बाबा त्याला काय पायजे ते. लोखंडी बसव, सोन्याचं बसव."

तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. दस्तगीर उठला. वरच्या फळीकडं बघितलं, मग सिद्धम्माकडं, आणि परत बसला.

"रिम आज न्हाईत," तो म्हणाला. "लातूरहून मागवतो. उद्या सकाळी चाकं बसवून देतो."

"उद्या? दोस्त सोलापूरला वाट बघून राहिले!"

"सायबाला दुकान मांडायची हौस, आन् माल न्हाई," सिद्धम्माचा आवाज परत चढला. "उठव तुझं दुकान. भजे तळ, भजे."

"बरोबर हाय, मावशी," दस्तगीर म्हणाला.

वीरभद्र चरफडला, दोस्तांना कळवायला मोबाइल घेऊन रस्त्याकडंला गेला. वाऱ्यानं त्याचं बोलणं ऐकू येईना.

दस्तगीरनं गल्ल्याखालचा डबा काढला आणि तिच्या ओटीत अलगद उपडा केला. चौकोनी डोक्याचे, लोहारानं घडवलेले खिळे. डोकी गंजलेली, टोकं मात्र दगडावर घासून लखलखीत केलेली.

"रिम वर खोक्यातच हायेत, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरगा आज घरी हाय. दाराची फळी त्याच्याच हातानं ठोकून घ्या."