पार्टीची शिस्त

ऑफिसच्या पार्टीला निघताना हेडक्लार्क दर वर्षी दारातच बायकोला बजावायचे, "विचारलं तेवढंच बोल. आणि मोठ्यानं खिदळायचं नाही. हसू आलं तरी आधी माझ्याकडे बघ." ती तशीच वागायची. साहेबांच्या मिसेस म्हणायच्या, "वहिनींकडून शिकावं बाई."

आज पार्टीच्या त्याच हॉलमध्ये हेडक्लार्कांची शोकसभा होती. ती इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत ताठ बसली होती. भेटायला येणाऱ्यांशी मोजकंच बोलत होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, "डोळ्यांत टिपूस नाही हो हिच्या."

शेवटी साहेबांच्या मिसेसनी जवळ येऊन तिचा हात धरला. "वहिनी, असं कोंडून ठेवू नका. रडून घ्या."

 

तिनं सवयीनं आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.