बरोबरीची कुस्ती

हलगी कडाडली तसा कानिफनाथ लाल मातीत उतरला. त्याला आज हरायचं होतं.

कोल्हारच्या यात्रेतली ही शेवटची, मानाची कुस्ती. कानिफनाथ बापूसाहेब बागायतदारांचा पैलवान. महायुद्धापायी गावात रॉकेल मिळेना, पण त्याच्या दूध-बदामात कधी कसूर झाली नव्हती. झोपायचं मात्र तालमीतच. बायकोजवळ राहिलं की पैलवान संपतो, असं बापूसाहेबांचं मत. म्हणून झुंबरबाई पाथर्डीकडे माहेरीच होती. पोरगी झाल्याचा सांगावा आला तेव्हाही त्याला सोडलं नव्हतं. आता ती चालायला लागली, असं कुणीतरी सांगितलं. प्रवरेवर आंघोळीला गेला तरी मागं गडी असायचा.

पळून जावं, तर धाकटा भाऊ बापूसाहेबांचंच रान वाट्यानं करत होता. त्याचं बिऱ्हाड उघड्यावर आलं असतं. पण हरलेला पैलवान बापूसाहेब दारात ठेवत नसत. आधीच्याला त्यांनी आखाड्यावरूनच घरी धाडलं होतं, त्याच्या माणसांना शब्दानंही न दुखावता.

समोर राहुरीकडचा गिदोन होता. तोही एका बड्या माणसाचा. हाताला हात लागले, माना भिडल्या. कानिफनाथनं डावा पाय मुद्दाम पुढं ठेवला. नवशिक्यानंही तो ओढून पट काढला असता. गिदोननं तो बघितला आणि सोडून दिला.

कानिफनाथ चमकला. पाय हुकला म्हणावं, तर गडी तसा कच्चा नव्हता. त्यानं मान खेचून पाहिली, तर गिदोन ओल्या पोत्यासारखा खाली आला. लोक ओरडले. कानिफनाथला वर बसावंच लागलं.

"टाक उलटा," गिदोन मातीत तोंड खुपसून पुटपुटला. "मिशनच्या शाळेत शिपायाची जागा हाय. हरलो तरच मालक सोडंल."

कानिफनाथचे हात जागीच थबकले. छातीखाली गिदोनचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"मलाबी हरायचंय," तो हळूच म्हणाला.

दोघांनीही जोर सैल केला. पकड तेवढी धरून होते. खालच्या अंगाची घालमेल कानिफनाथला आपलीच वाटत होती. एक कूस फिरवायची, की हा माणूस उद्या शाळेची घंटा वाजवेल. त्यानं गिदोनच्या काखेतून हात घातला. मानेपर्यंत नेला. तिथं डोळ्यांपुढं दुडदुडत येणारी पोर आली. तोंड काही दिसेना, कारण ते त्यानं पाहिलंच नव्हतं. हात तिथंच राहिला.

गिदोननंही जोर केला नाही. दोघं एकमेकांना धरून पडून राहिले. ऊन कललं. वरून बघणाऱ्यांना ती डोंगराला डोंगर भिडल्यासारखी झुंज वाटली. शेवटी पंचांनी दोघांना ओढून उठवलं आणि कुस्ती बरोबरीत सुटल्याचं सांगितलं.

कानिफनाथनं बापूसाहेबांकडं पाहिलं. रागावतील, तोंड फिरवतील, एवढीच त्याची आशा उरली होती. बापूसाहेब आखाड्यात आले, त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या डोक्याला बांधला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"असली कुस्ती जन्मात बघितली न्हाई," ते म्हणाले. पलीकडं गिदोनचा मालकही त्याची पाठ थोपटत होता. दोन्ही मालकांनी तिथंच हात मिळवले, आणि पुढच्या यात्रेला हीच जोड निकाली लढेल, असा पुकारा झाला.

लोकांनी दोघांना उचलून खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. गिदोनला घेऊन गर्दी एका अंगानं निघाली, कानिफनाथला घेऊन दुसऱ्या. माणसांच्या डोक्यांवरून दोघांची नजरानजर झाली, आणि कानिफनाथनं आधी नजर खाली घेतली.

"उतरवा मला," तो म्हणाला. हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पाय लांबवून पाहिले, पण जमीन लागली नाही.