लाल निकाल

घरातला संगणक बदलायचा की नाही, हे तपासणीचं सॉफ्टवेअर ठरवेल, असा सुनेच्या नवऱ्याचा दंडक होता. निकाल लाल आला तरच नवीन. सासऱ्यांचा संगणक ऑनलाइन बुद्धिबळाच्या ऐन डावात अडकायचा आणि वेळ संपून ते हरायचे, पण तपासणीत मात्र दर वेळी हिरवा. आज अचानक लाल आला.

सून हार्डवेअर तपासणीचंच काम करायची. तिने सॉफ्टवेअरच्या सेटिंगची फाइल उघडली. प्रोसेसरच्या तापमानाची मर्यादा कुणीतरी नव्वद अंशांवरून वीसवर आणली होती.

"बाबा, अहो आपली खोलीच सव्वीस अंशांवर आहे. या हिशेबाने तर तुम्ही-मीसुद्धा बिघडलोय."

सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तुझ्या नवऱ्याला सांगणार का गं?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.



"वीस नाही, साठ लिहा. तरीही लाल येईल आणि त्याला संशयही येणार नाही. आणि झालं की ती फाइल मला पाठवा, माझ्या लॅपटॉपवरही घालायचीय."