तिसरा जामीनदार

"तिसरा जामीनदार कोण?" अध्यक्ष किप्रोनोंनी विचारलं.

केमुन्तो उभीच होती. केनियातल्या नाकुरू शहरातल्या या पतसंस्थेत कर्ज मागणाऱ्याने उभं राहायचं, आणि तिघा सभासदांनी आपली बचत तारण ठेवून त्याच्यासाठी उठायचं. तिच्याबरोबर बायकांच्या वेण्या घालून पोट भरणाऱ्या दोघी उठल्या होत्या. तिसरा तिचा सख्खा भाऊ ओंगेरी. तो फोनमध्ये मुंडी घालून बसला होता. आज कर्ज झालं नाही, तर भाड्याने देण्यासाठी ती विकत घेऊ पाहत होती त्या बाजारामागच्या चार खोल्या सोमवारी दुसऱ्याच्या नावावर होणार होत्या.

"ओंगेरी, काल हो म्हणालास ना?"

"काल तुझ्या घरी जेवत होतो, ताई."

लोक हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून वांगुईची आई उठली. केमुन्तोची घरमालकीण.

"मी आहे तिसरी."

"अहो, तुमचीच भाडेकरू जाईल की," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे. हिचं भाडं एकदा थकलं, तेव्हा मी हिच्या दाराला माझं कुलूप घातलं. इथले सगळेच घरमालक घालतात. पण ही रडली नाही, भांडली नाही. शेजारणीचं स्टूल मागून आणलं, त्याच बंद दारापुढे मांडलं आणि गल्लीतल्या बायकांच्या वेण्या घालत बसली. दिवे लागायच्या आत भाडं माझ्या हातात. अशीला जामीन राहायचं नाही, तर काय त्या फोनवाल्याला?"

त्या दिवसाची केमुन्तोला आजवर लाजच वाटत आली होती. आज पहिल्यांदा अभिमान वाटला.

"आणि तुझ्याच खोल्या रिकाम्या पडल्या तर? हप्ता कुठून भरशील?" अध्यक्षांनी विचारलं.

"खोल्या भाड्याने देणार आहे साहेब, हात नाही."

अध्यक्षांनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर वांगुईच्या आईने पर्समधून एक जाडजूड कुलूप काढलं. महिनाअखेर होती, ते बरोबरच असायचं.

"घे. आता मालकीण झालीस. लागेल."

केमुन्तोने ते तळहातावर तोललं. वजनदार होतं. मग हसून तिच्याच पर्समध्ये परत ठेवलं.

"मग कुणाचं भाडं थकलं तर काय करशील गं?"

"स्टूल देईन."