गिरणीचा कट्टा
महिनाभर इंदापूरला आजारी आईपाशी राहून उत्कर्षा काटेवाडीला परतली. जुन्या घराचा तळमजला नव्यानं कसा मांडायचा ते तिनंच आखून दिलं होतं. रस्त्याकडची खोली तिच्या पिठाच्या गिरणीला, खिडकीशी गिऱ्हाइकांचे डबे ठेवायला कमरेइतका कट्टा. "तुझा कट्टा झाला बघ," म्हणत नवऱ्यानं फोटोही पाठवला होता. कट्टा झालाच होता. त्यावर गॅसची शेगडी मांडलेली होती. "गिरणी कुठाय?" "इकली. स्वयंपाकघर पुढं घेतलं. नव्या घरात पीठ उडाया नको," तो खाली बघत म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या भागूबाईंनी खिडकीतून ज्वारीचा डबा सवयीनं कट्ट्यावर ठेवला. "आलीस व्हय? सांजच्याला दळून ठेव गं." दाराशी शोभेला मांडलेल्या जात्यातली प्लास्टिकची फुलं उत्कर्षानं उपसली, नवऱ्याच्या हातात कोंबली आणि डबा तिथं आणून ठेवला. "काकू सांजच्याला येतील. बसा दळायला."