जगजाहीर

पेटंट कार्यालयाच्या स्क्रीनवरचा व्हिडिओ किंचित हलत होता, कारण मोबाइल धरणाऱ्याला हसू आवरत नव्हतं. एकाच लाइनवर दहा इलेक्ट्रिक गाड्यांना वीज कशी वाटून द्यायची, हे आपलं तंत्र त्यात अर्जदार स्वतःच पार्किंगमध्ये उभा राहून रंगात येऊन समजावत होता.

"तुमच्या अर्जाच्या आधीच हे नेटवर आलंय. म्हणजे आता ते नवं उरलं नाही," परीक्षक बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे."

चार वर्षं या दिवसाची वाट पाहणारी बायको बाहेर मोबाइल रोखून उभीच होती. "अहो, थांबा! मागच्यासारखा हाही व्हिडिओ मीच टाकणार. हं, सांगा, मिळालं ना पेटंट?"

हसू आवरत नसल्यानं तिचा हात हलत होता.


"नामंजूर," तो म्हणाला. "आपल्याआधीच कुणीतरी जगाला दाखवून टाकलं होतं."