फिजाचा दम

“दादी, फिजाले उद्याच्या दिवस द्या ना,” योगिनी फाटकातूनच म्हणाली.

अजीजुन्निसा अंगणात बाजेवर बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. तिनं मान वर केली. शेजारच्या गल्लीतल्या अर्जुनरावाची पोरगी. अंगात बापाचा जुना शर्ट, केसांत कापसाचे तंतू. सकाळची शाळा सुटल्यावर कापूस वेचणीला गेलेली ती थेट वावरातूनच आली होती. यंदा बीटी कपाशीच्या बोंडातही अळी निघाली, आणि पिंपळगाव राजा गावात ज्याला त्याला हाती लागेल तेवढा कापूस घरात आणायची घाई झाली होती.

“द्या म्हणजे? माझी नात काय पाटा-वरवंटा हाय, उसना द्याले?”

“खो-खोची मॅच हाय खामगावले. आमची एक पोरगी वेचणीत अडकली. तिचे घरचे सोडून नाही राह्यले. मॅडम म्हणे, एखादी तरी आणा.”

“मंग दुसरी पाय. आमच्या गल्लीतल्या पोरी नाही खेळत.”

“तेच तं, दादी! पीटीच्या तासाले त्या साऱ्या निंबाखाली बसून राह्यतात. अन् आम्ही वावरातल्या पोरी, धावता धावता पेंगतो.”

स्वयंपाकघराच्या दारात फिजा ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. दहावीतली पोरगी. नुसती दादीकडे पाहत होती. ते पाहणं म्हातारीला चुकवता आलं नाही.

“कसा असते व तो खो-खो?” तिनं मिरच्यांची टोपली खाली ठेवली. “दाखव मले. इथंच.”

योगिनीनं अंगणाच्या एका टोकाला रांजण आणि दुसऱ्या टोकाला कोंबड्यांचं खुराडं, असे दोन खांब ठरवले. मधे बसायला कोणी नव्हतं, म्हणून अजीजुन्निसाच बाजेवरून उतरून जमिनीवर बसली.

“मी पाठीवर थाप मारून खो म्हटलं की तुम्ही उठायचं,” योगिनी म्हणाली.

“मी उठेपर्यंत सांजची मगरिबची अजान होईन, बाई.”

तिघीही हसल्या आणि फिजानं ओढणी कमरेला बांधली. दादीला वळसा घालून ती रांजणाकडे पळाली, तिथून हुलकावणी देऊन खुराड्याकडे. कोंबड्यांनी एकच कल्ला केला. योगिनीचा हात दोनदा तिच्या वेणीला लागता लागता राहिला. आणि मग फिजा थांबलीच. भिंतीला हात टेकून वाकली. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी वरखाली. योगिनी दुपारभर कापसात वाकून आलेली. पण ती नुसती कमरेवर हात ठेवून उभी होती.

फिजाच्या श्वासातली शिट्टी अजीजुन्निसाला ऐकू आली. ती तिच्या ओळखीची होती. दर्ग्याच्या पायऱ्या चढताना तिच्या स्वतःच्या छातीतून तीच निघायची.

“माझा दम तं वयानं नेला,” ती हळूच म्हणाली. “हिचा कोणं नेला व?”

खेळ संपला असं समजून फिजा ओढणी सोडू लागली.

“राहू दे तशीच,” म्हातारी म्हणाली. जमिनीवर हात टेकून ती उठली, फाटकापाशी गेली आणि तिनं फाटक सताड उघडलं. “अंगण लहान पडते. गल्लीच्या टोकापर्यंत जाय अन् वापस ये.”

“दादी, लोक पाह्यतीन!”

“पाहू दे. मी बी पाहूनच राह्यली ना?”

फिजानं एकदा बाहेर डोकावलं. योगिनीनं तिचा हात धरला, आणि दोघी सुटल्या.

त्या दिसेनाशा झाल्या तोच दुसऱ्या बाजूनं फिजाचा बाप बशीर आला. गाद्या भरायच्या रुईचं गाठोडं खांद्यावर होतं. उघडं फाटक आणि त्यात उभी असलेली आई पाहून तो जागीच थबकला.

“अम्मा, काय झालं? बाहेर काऊन उभी तू? फिजा कुठं हाय?”

अजीजुन्निसाचं लक्ष गल्लीकडे होतं. तिकडून चपलांचा फटफट आवाज येत होता, आणि त्यासोबत धापा टाकत हसणं.

तिनं लेकाची बाही धरून ओढली.

“बाजूले सरक, बशीर. पोरगी धावून राह्यली.”

बशीरनं गल्लीकडे पाहिलं, मग आईकडे. मग गाठोडं छातीशी कवटाळून त्यानं भिंतीला पाठ लावली.